लस घेऊ का, असं विचारलंस

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. शाळेत निबंध म्हटला की तुझ्या पोटात दुखायचं, आणि आता एवढी पानंच्या पानं! स्वारी भलतीच खुशीत दिसतेय. बॅग माळ्यावरून काढलीस, तिची चेन दुरुस्त करून घेतलीस, शिवणाच्या दुकानातल्या मालकिणीला 'आता तुमची काजं तुम्हीच करा' असं तोंडावर सांगून आलीस, सगळं वाचलं. त्या बाईला कुणीतरी सांगायलाच हवं होतं, म्हणून आधी हसले आणि मग हसू थांबलं. पुढे तुझे प्रश्न : पांघरूण आणू का, पायात काय घालायचं असतं, तुझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसवतील ना, आणि मग अगदी खाली, कागद संपत आला तेव्हा : तिथे कामाला लागायचं तर फ्लूची लस टोचून घ्यावी लागते म्हणे, घेऊ का? मालकीण म्हणते लसीनेच ताप येतो. तू घेतलीस का, तुला काही झालं का? एवढ्या प्रश्नांत हाच एक कामाचा आहे आणि याचंच उत्तर लांबलचक आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि सलग बोलायला आताशा मला जमतही नाही. आज माझी सुट्टी आहे. तुझी भाची शाळेत गेलीय, तुझे भाऊजी कुणाचा तरी पंखा उघडून त्याचे अवयव टेबलभर मांडून बसलेत, मला टेबलाचा एक कोपरा मिळालाय. तेव्हा निमूट वाच.

आधी काम काय ते सांगते, कारण मी तुला आजवर 'अंडी बघते' एवढंच सांगत आले आणि तू गावभर 'ताई अंडी विकते' असं सांगत आलीस. आमची खोली अंधारी असते. मुद्दाम अंधारी, खिडक्या ठेवलेल्याच नाहीत. लांबलचक खोलीत एक पट्टा सरकत असतो, त्यावरून अंड्यांचे ट्रे येतात, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात काचेखाली एक दिवा. ट्रे काचेवर थांबला की उजेड अंड्यांतून आरपार येतो आणि आतलं सगळं दिसतं. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं असतं, त्यात एक ठिपका हलत असतो. मेलेलं असेल तर नुसता पिवळा उजेड, आत कुणी नाही. ते उचलून बाजूला टाकायचं. चांगली अंडी पुढच्या खोलीत जातात. तिथे त्यांच्यात फ्लूचे जंतू वाढवतात, मग ते मारतात आणि त्यांचीच लस करतात. म्हणजे तू जी घेऊ का म्हणून विचारतेस, ती माझ्या नजरेखालून गेलेली असते, ठमे. पहिल्या वर्षी मला याचा कोण अभिमान होता. कुठल्यातरी अनोळखी म्हातारीच्या दंडात आपण बघितलेलं अंडं जाणार, असं मनात म्हणायचे आणि आणखी वाकून बघायचे.

आता तुझ्या मालकिणीचं बघू. तिच्यासारखे शहाणे इथेही आहेत. तुझे भाऊजी म्हणतात, लस म्हणजे चोराला घरी बोलावून कपाट दाखवायचं. मी म्हटलं, चोराला नाही, चोराचा फोटो कुत्र्याला दाखवायचा. त्यावर म्हणाले, मग कुत्रा फोटोवरच भुंकतो, तोच ताप. तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. एखाद दिवस कणकण येते, दंड ठणकतो. आमच्या खोलीतल्या बायकांचं तर तिसरंच. त्या म्हणायच्या, आपल्याला वेगळी लस कशाला? इतकी वर्षं तिच्याच अंड्यांत हात घालतोय, ती कधीच अंगात मुरलीय. मीही मान डोलवायचे. मग मागच्या हिवाळ्यात फ्लू खोलीत शिरला आणि ओळीने सगळ्यांना झोपवत गेला, मुरलेल्या आणि न मुरलेल्या. तुला आणि आईला मी सर्दी झालीय असं कळवलं होतं. सर्दी नव्हती ती. आडवी झाले की श्वास अर्ध्यावर अडायचा, म्हणून मी भिंतीला उशी लावून बसून झोपायचे. ह्यांची पाठ ही अशी, वाकता येत नाही, तर तिरके तिरके होऊन पाण्याचा पेला माझ्या तोंडाशी धरायचे. पोरगी दारातून बघत राहायची, आत येऊ द्यायचं नाही असं मी बजावलं होतं. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, आपण जातोय की काय.

त्यानंतर कंपनीने नियमच केला. लस घेतल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही, नव्याने लागणाऱ्यांनी तर टोचून घेऊनच यायचं. आमच्या काळजीपोटी केला असेल असं तुला वाटेल. काळजी आहे, पण आधी आवारातल्या कोंबड्यांची. आपला फ्लू त्यांच्यात जायला नको, त्यांचा आपल्यात यायला नको, आणि दोन्ही एकाच अंगात भेटून तिसरंच काही जन्माला यायला नको. ते खरंही आहे, मला पटतं. आमच्या सुपरवायझर बाई आहेत, अंधारात हातात बॅटरी घेऊन फिरतात म्हणून आम्ही त्यांना टॉर्चबाई म्हणतो. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं : डॉक्टर येतील, टोचतील, ज्यांना अंड्याचा त्रास असेल त्यांनी आधीच सांगा. सगळ्या जणी एका सुरात नाही म्हणाल्या. माझा आवाज जरा मोठाच निघाला.

ठमे, मला अंड्याचा त्रास आहे. कधीपासून ते नक्की सांगता येणार नाही. आधी हाताला खाज सुटायची, मी साबण बदलला. मग डोळे चुरचुरायला लागले, मी म्हटलं दिव्याने होत असेल. फुटलेल्या अंड्यांचे शिंतोडे वाळतात, त्यांची बारीक धूळ हवेत राहते, आणि खिडकी नसलेल्या खोलीत ती जाणार कुठे? एकदा घरी साधं उकडलेलं अंडं खाल्लं तर ओठ जाड झाले आणि घशात काहीतरी आवळल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी अंडं सोडलं, घरात सांगितलं की दिवसभर बघून बघून कंटाळा आला. आणि खोकला. तो मात्र सोडता येत नाही. त्यावर मी एक युक्ती काढली. ट्रे पुढे सरकायच्या आधी पट्टा मागे येऊन धाडकन आपटतो. त्या आवाजात खोकून घ्यायचं. मधल्या वेळात आला तर ओठ मिटून, डोळ्यांत पाणी आणून धरून ठेवायचा, आणि पट्टा आपटला की सोडायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं. मला इतकी सवय झाली की घरीसुद्धा मी कशाचा तरी आवाज होण्याची वाट बघते.

आता तू म्हणशील, सांगून का टाकलं नाहीस. कुणाला सांगू? अंड्याचा त्रास आहे म्हटलं की अंड्यांच्या खोलीत काम नाही, आणि इथे अंड्यांशिवाय दुसरी खोलीच नाही. ही राहायची जागा माझ्या कामावर मिळालीय. ह्यांनी माल चढवताना पाठ गमावली तेव्हापासून सगळा डोलारा माझ्या त्या एका खुर्चीवर आहे. पोरीची शाळा कंपनीच्या आवारातली. माझ्या शेजारी बसायची ती गुणगुणी तुला आठवत असेल, मी लिहिलं होतं तिच्याबद्दल. काम करताना सतत काहीतरी गुणगुणायची. मग तिचं गुणगुणणं तुटक व्हायला लागलं, मग थांबलंच. टॉर्चबाईंना तिने गुडघे दुखतात असं सांगितलं आणि काम सोडून गेली. तिचीच खुर्ची रिकामी आहे. तर माझ्यापुढे होतं ते असं : लस नाही म्हटलं तर काम गेलं. त्रास आहे असं खरं सांगितलं तरी काम गेलं. गप्प राहून टोचून घेतली, तर अंड्यांतूनच केलेली ती लस माझ्या अंगात जाऊन काय करेल ते मला माहीत नव्हतं. एका साध्या अंड्याने घसा आवळतो, मग ही तर थेट सुईने. आणि कशीबशी चुकवली, तर मागच्या हिवाळ्यासारखा फ्लू आला की या छातीला तो दुसऱ्यांदा सोसायचा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कितीतरी दिवस मी दिव्यावर अंडी बघत हाच हिशेब करत होते आणि तो कुठूनही सुटत नव्हता.

टोचायच्या दिवशी डॉक्टरीण आली. वयाने तुझ्याएवढी असेल, खांद्याला थंड पेटी, केस विस्कटलेले. ती म्हणाली, मी अंधारात सुई टोचत नाही. म्हणून टॉर्चबाईंनी पट्टा बंद करायला लावला आणि छताचे मोठे दिवे लावले. इतक्या वर्षांत मी ती खोली उजेडात पाहिली नव्हती. भिंतींवर पिवळट पापुद्रा होता. आम्ही एकमेकींकडे बघत होतो आणि लाजत होतो, कारण आवाजावरून ओळखायची सवय, चेहरे असे ओढलेले असतील असं वाटलं नव्हतं. आणि पट्टा बंद असल्यामुळे शांतता. मला खोकला आला. मी ओठ मिटले, सवयीने पट्ट्याची वाट बघितली, पण पट्टा काही आपटणार नव्हता. तेवढ्यात पार टोकाची एक खोकली. मग तिच्या अलीकडची. मग माझ्या समोरची, जी कधी ब्र काढत नाही ती, पदर तोंडात कोंबून खोकायला लागली. आणि मग मीही. ठमे, अख्खी खोली खोकत होती. मला वाटत होतं युक्ती माझीच आहे. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, त्या एवढ्या जवळ असतील हे मला कळलंच नव्हतं. डॉक्टरीण हातातली सुई तशीच धरून बघत राहिली. म्हणाली, 'सगळ्यांनाच सर्दी आहे का?' टॉर्चबाई म्हणाल्या, 'हवा बदललीय ना.' आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, हो हो, हवा.

माझी पाळी आली तेव्हा तिने आधी नळी माझ्या पाठीला लावली. आई नाही का तुझ्या पाठीला कान लावून बसायची, तशी बराच वेळ ऐकत राहिली. आपण गादीतला कापूस उपसून एकमेकींच्या अंगावर उधळला होता, तेव्हा तुझी छाती शीळ घातल्यासारखी वाजायला लागली होती, आठवतं? आई तुला खिडकीत घेऊन बसली होती आणि मला बोलणी बसली होती. तेच सगळं मला त्या स्टुलावर आठवलं, आणि डॉक्टरिणीने हळूच विचारलं तेव्हा मी पुटपुटले, हो, अंड्याचा त्रास आहे. टॉर्चबाई चार पावलांवर होत्या. मला वाटलं ती सुई खाली ठेवेल. ती म्हणाली, पूर्वी अशा लोकांना नको म्हणायचे, आता म्हणत नाहीत. लसीत अंड्याचा अंश अगदीच किंचित राहतो, त्याने काही होणं फार दुर्मीळ. झालंच तर तिच्या पेटीत औषध होतं आणि ती समोर होती. घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असंही नाही, पण झाला तर हलका जातो, आणि ही अशी छाती असताना फ्लूची भीती लसीच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठी. मी दंड पुढे केला. मग ती मोठ्याने सगळ्यांना म्हणाली, टोचून झालेल्या प्रत्येकीने अर्धा तास इथेच बसायचं. फक्त मला बसवलं असतं तर मी उघडी पडले असते, हे तिला कसं कळलं कोण जाणे. ट्रे खोळंबले म्हणून टॉर्चबाई चरफडत होत्या आणि आम्ही उजेडात ओळीने बसलो होतो. मी घसा आवळायची वाट बघत होते. काही आवळलं नाही. दंड दुखला, बस. एवढे दिवस जिवाचा आटापिटा केला आणि झालं काय, तर दंड दुखला! मला रडू आलं, तर शेजारणीला वाटलं मी सुईला घाबरते.

पण निघताना डॉक्टरीण पुन्हा माझ्यापाशी आली. म्हणाली, लसीचं काम झालं, पण ती फ्लूपुरती आहे. या खोलीच्या हवेवर लस नाही. रोज इथे बसाल तर रोज वाढेल. मी हे वर कळवू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं, मग गेली. दुसऱ्या दिवशी दिवे विझले, पट्टा सुरू झाला. आता फरक एवढाच की मला सगळ्या ऐकू येतात. पट्टा आपटला की त्याच्या आवाजाखाली टोकापासून टोकापर्यंत सगळ्या खोकून घेतात, आणि पुन्हा शांतपणे अंडी बघायला लागतात. कानात बोटं घालायला हात मोकळे नसतात.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लस घे. मालकिणीचं ऐकू नकोस. या आठवड्यातच दवाखान्यात जा, आईलाही घेऊन जा. तिचं वय झालंय, तिला तुझ्याआधी टोचायला सांग. ती नाही म्हणेल, मग तिला सांग की ताईने बघितलेल्या अंड्यांची आहे, म्हणजे येईल. तुझ्या छातीचं डॉक्टरांना लहानपणापासूनचं सगळं सांग, लपवू नकोस. एखाद दिवस कणकण आली तर निजून राहा. लस घे, ठमे, पण ही खुर्ची घेऊ नकोस. हे लिहायलाच मी सकाळपासून बसलेय आणि इथवर पोचायला एवढी पानं लागली. इथे रिकामी खुर्ची घरच्याच माणसाला देतात, म्हणून मीच तुझं नाव दिलं होतं, कारण शेजारी तू असावीस असं मला फार वाटत होतं, अजूनही वाटतं. काल मी टॉर्चबाईंकडे जाऊन सांगितलं, माझ्या बहिणीला घेऊ नका, अंड्याला हात लावला तरी तिच्या अंगावर गांधी उठतात. तुझ्या नावावर नसत्या गांधी खपवल्या, रागाव हवं तर. त्यांनी बॅटरी माझ्या तोंडावर धरली आणि विचारलं, 'आणि तुला?' मी म्हटलं, मला नाही. तेव्हाच मला खोकला आला. मी ओठ मिटून पट्ट्याची वाट बघत उभी राहिले, आणि बघते तर त्याही ओठ मिटून उभ्या होत्या. पट्टा आपटला, आम्ही दोघी खोकलो. मग त्या म्हणाल्या, 'जा, काम कर,' आणि तुझं नाव खोडून टाकलं. आता इथलं दार तुला बंद झालंय. मालकिणीकडे पुन्हा जाऊन काजं करावी लागतील, ती चार शब्द ऐकवेल, ते माझ्यामुळे ऐकशील हे मला माहीत आहे. तिच्या दुकानाला खिडकी आहे ना, रस्त्याकडची? तिच्याजवळची जागा माग. बॅग माळ्यावर टाक, आणि राग शांत झाला की पत्र लिही. फोन करू नकोस एवढ्यात. मी काय बोलतेय यापेक्षा तुला भलतंच ऐकू येईल.

तुझीच, खुर्ची अडवून बसलेली
ताई